मॅच म्हणजे युद्ध नव्हे!

परवा टीव्ही रूममध्ये मॅच रंगात आली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, युद्ध आहे हे, युद्ध!" आपण हरलो आणि त्याच पोरांनी शेवटची ओव्हर टाकणाऱ्याला 'गद्दार' ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू, त्या आरडाओरड्यात मीही होतो. पण रूमवर आल्यावर हेडली व्हेरिटी आठवला आणि लाज वाटली.

व्हेरिटी हा यॉर्कशायरचा डावखुरा स्पिनर. १९३२ मध्ये लीड्सला त्याने १० धावांत १० विकेट घेतल्या. फर्स्ट क्लास क्रिकेटमधला तो विक्रम आजही मोडलेला नाही. १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली टेस्ट झाली, त्यातही तो होता. ब्रॅडमनला त्याने टेस्टमध्ये ८ वेळा बाद केलं.

अशा बॉलरलाही मार पडला बरं का! १९३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉनने त्याच्या एका ओव्हरमध्ये ३० धावा कुटल्या. तेव्हा त्याचाच विकेटकीपर त्याला म्हणाला, चांगलाच गोंधळात टाकलास गड्याला, चौकार मारू की षटकार हेच त्याला कळेना! बस्स, विषय संपला. पुढच्या वेळी बॉल पुन्हा व्हेरिटीच्याच हातात.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. त्याच दिवशी होव्हला व्हेरिटीने ससेक्सविरुद्ध ९ धावांत ७ विकेट काढल्या. ती त्याची शेवटची फर्स्ट क्लास मॅच ठरली. पुढे तो ग्रीन हॉवर्ड्स रेजिमेंटमध्ये कॅप्टन झाला. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत आपली कंपनी घेऊन रात्री चाल करताना त्याच्या छातीला जबर जखम झाली. तशातही तो जवानांना 'पुढे चला' म्हणत राहिला, असं सांगतात. शेवटी शत्रूच्या हाती सापडला आणि ३१ जुलैला इटलीत कासेर्ता इथे युद्धकैदी म्हणून मरण पावला. वय अवघं ३८.

मित्रहो, फरक एवढाच आहे. ३० धावांच्या ओव्हरनंतर दुसरी ओव्हर मिळते, सिसिलीतल्या त्या रात्रीनंतर काहीच मिळत नाही. ज्याने दोन्ही मैदानं पाहिली, त्याच्या संघात मार खाल्लेल्या बॉलरची थट्टा झाली, पण त्याला गद्दार कुणी म्हटलं नाही. आपण तर मेसच्या बाकावर बसून मॅच बघणारे!

तेव्हा पुढच्या मॅचला बोंबला, शिट्ट्या मारा, ताटं वाजवा. फक्त 'युद्ध' आणि 'गद्दार' हे दोन शब्द टीव्ही रूमच्या बाहेर ठेवा. बघा, पटतंय का!