सुटीतले मूल आणि बापाची रजा

मे महिन्यात सुटी लागते ती शाळेला, कचेरीला नव्हे. हाती कैरी घेऊन अंगणभर हुंदडणारे मूल, हे चित्र मनोहर खरे. परंतु आई-बाप दोघेही कामावर गेले की त्या मुलाजवळ थांबावयाचे कोणी? बहुधा रजा पडते ती आईची, आणि ‘बायका फार रजा घेतात’ हा शेराही तिच्याच वाट्यास येतो.

नियमांची दृष्टी याहून निराळी नाही. केंद्र सरकारने २००८ साली आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे योग्यच झाले. पुरुषांना ती मिळावयास २०१८ साल उजाडले; तीही अविवाहित, विधुर वा घटस्फोटित पालकास. म्हणजे घरात आई नसेल तरच बाप पालक ठरावयाचा! २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती करताना स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी मोजले. दिवसातून चार वेळा मुलाला पाहून येण्याची मुभा मात्र आईलाच.

समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा. पण रजेचे अर्ज एकाच टेबलावरून जात राहिले, तर बढतीची यादी समान कशी निघणार? एका उन्हाळ्यात मूल चार बोटे वाढते, आणि बापाला ते रविवारीच काय ते दिसते. ही रजा आई-बापांस आपसांत वाटून घेता येईल, असा बदल सरकारने नियमांत करावा.