मात म्हणजे अंदाज नव्हे

जुलै 2025मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा अनेकांनी तिचे डाव मोबाइलवर पाहिले. अशा प्रक्षेपणात पटाशेजारी संगणकाचे आकडे हलत असतात. कधी ‘अधिक 2’ दिसते, तर कधी ‘5 खेळ्यांत मात’. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात; पण पहिला आकडा अंदाज आहे आणि दुसरा पुरावा.

मात शोधताना संगणकाचा नियम सरळ असतो. आपल्या पाळीला एक अचूक खेळी सापडली तरी पुरते. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला मात्र त्याची प्रत्येक शक्य खेळी विचारात घ्यावी लागते. सुटकेची एक वाट जरी उरली, तरी मात सिद्ध होत नाही. प्रत्येक पाळीला 30 खेळ्या धरल्या, तर दोन खेळ्यांत मात शोधायला 27 हजार क्रम होतात. तीन खेळ्यांसाठी 2 कोटी 43 लाख. म्हणून प्रोग्राम छाटणी करतो. आपल्या खेळीवर समोरच्याला एक बचाव सापडला की ती खेळी तिथेच सोडायची. शह आधी तपासायचे, कारण शह बसलेल्या राजापुढे वाटा थोड्याच असतात.

1951 साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकावर डिट्रिख प्रिन्झ यांनी दोन खेळ्यांत मात शोधणारा प्रोग्राम चालवला. त्याला एका कूटासाठी सुमारे 15 मिनिटे लागली. आजच्या मोबाइलला तेच काम क्षणाचे आहे. पण फक्त शहच पाहणारा प्रोग्राम आजही फसेल, कारण चांगल्या कूटात पहिली खेळी अनेकदा शह न देणारी, शांत असते. ‘मात सापडली नाही’ याचा अर्थ ‘मात नाही’ असा होत नाही. जेवढे शोधले तेवढ्यात ती दिसली नाही, इतकेच.

हा फरक शिकायला महागडा संगणक लागत नाही. मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या शाळेतही एक पट, मोहरे आणि फळ्यावर मांडलेले एक कूट पुरेल. शिक्षकांनी मात्र पहिली खेळी सांगणाऱ्या मुलाला लगेच शाबासकी देऊ नये. काळ्याच्या प्रत्येक उत्तरावर तू काय खेळशील, हे वहीत लिहायला लावावे. यात वेळ जातो आणि एका तासात एकच कूट होईल, हे खरे. पण ॲपवरचा बाण पाहून सोडवलेल्या वीस कूटांपेक्षा ते एक अधिक मोलाचे आहे.

उद्या याच मुलांना आरोग्याच्या एखाद्या ॲपवर ‘या आजाराची शक्यता 80 टक्के’ असे दिसेल. तो आकडा मात नव्हे, अंदाज आहे आणि पुढची तपासणी डॉक्टरांकडेच व्हायला हवी, हे त्यांना वेगळे सांगावे लागू नये.