पाटीच्या आधी हत्यार

कापडाच्या दुकानदाराने गाडीच्या वायरिंगवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमचा माल ज्या टेम्पोने येतो-जातो त्याची वायरिंग बिघडली तर नुकसान आमचेच होते. शिवाय नांदेड-लातूरकडे अनेक घरांतील मुले आज ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम करतात, आणि त्यांच्या दुकानाला भांडवल देणारे आपणच बाप, मामा, चुलते असतो. ते भांडवल कशावर लागते, हे आपल्यालाही कळले पाहिजे.

माझा धाकटा भाचा लातूरला असे दुकान काढतो आहे. त्याने खर्चाची यादी आणली. दिव्यांची पाटी, काचेचे काउंटर, गिऱ्हाइकासाठी खुर्च्या आणि अगदी शेवटी ‘सोल्डर, पक्कड वगैरे’. त्या ‘वगैरे’वर मी अडलो, कारण लग्नसराईत आमच्यावर आलेला प्रसंग मी विसरलेलो नाही.

नांदेडहून लातूरच्या गंजगोलाईतील व्यापाऱ्याचा माल घेऊन आमचा टेम्पो निघाला होता. लोहा ओलांडून अहमदपूरच्या अलीकडे रात्री दोन्ही हेडलाइट एकदम गेले. ड्रायव्हर जुना, म्हणून त्याने गाडी सांभाळून कडेला घेतली. मागून ट्रक येत होता. माणूस वाचला हे खरे, पण माल दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला आणि तोवर त्या व्यापाऱ्याने दुसरीकडून खरेदी केली होती.

नांदेडला थोरल्या भाच्याचे गॅरेज आहे. त्याने दोन्ही दिव्यांना जाणाऱ्या तारेचा सांधा उघडून दाखवला. तो सांधा पंधरा दिवसांपूर्वीच एका दुकानात केलेला होता. वरून टेप अगदी व्यवस्थित, आत मात्र सोल्डरचा गोळा तारेवर नुसता बसलेला. ओढताच निघाला. शेजारचे प्लॅस्टिक वितळून आखडले होते. मी म्हणालो, “जास्त तापवला असेल.” तो म्हणाला, “नाही मामू, आयर्न कमी ताकदीचे होते म्हणून असे झाले.”

हे मला आधी उलटे वाटले. मग इस्त्रीवरून समजले. जाड सुती कापडावर कोळशाची वजनदार इस्त्री एकदा फिरवली की काम होते. हलकी इस्त्री तिथेच धरून ठेवावी लागते आणि कापड करपते. तांब्याची जाड तार उष्णता ओढून घेते. २५ वॅटचे बारीक आयर्न तिच्यावर टेकवले की टोक थंड पडते. मग कारागीर ते अर्धा-अर्धा मिनिट धरून बसतो. तेवढ्यात उष्णता तारेतून पुढे जाऊन प्लॅस्टिक जळते आणि सांधा मात्र पुरेसा तापतच नाही. ६० ते ८० वॅटचे, तापमान ठरवता येणारे आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवून चपट्या रुंद टोकाने लावले, तर दिव्याच्या तारेचे काम चार-पाच सेकंदांत होते.

आपल्याकडच्या कल्हईवाल्याला हे शाळेत न जाता ठाऊक होते. तो आधी भांडे तापवतो, मग त्यावर कथील फिरवतो. तारेचेही तसेच आहे. तार तापली पाहिजे आणि सोल्डर तारेच्या उष्णतेने वितळून आत शिरले पाहिजे. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिशाचे सोल्डर १९० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते. बिनशिशाचे २२० च्या पुढे, म्हणून त्याला दुबळे आयर्न आणखीच अपुरे पडते. मात्र कल्हईचा नवसागर किंवा ॲसिडची पेस्ट गाडीच्या तारेला लावू नये, ती तांबे खाते. पोटात राळ असलेलीच सोल्डरची तार वापरावी.

कच्च्या सांध्याचा हिशेबही पाहा. ५५ वॅटच्या दोन बल्बांना १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर करंट लागतो. सांध्यात एक दशांश ओहमचा अडथळा राहिला, तरी तिथे सात-आठ वॅट उष्णता तयार होत राहते, तीही टेपच्या आत. आमचे दिवे गेले. एखाद्याची गाडी पेटू शकते.

बाजारात प्रकार बरेच आहेत. ट्रिगरची गन लगेच तापते, जाड तारेला बरी, पण वजनदार असते आणि गाडीच्या कॉम्प्युटरच्या नाजूक कामाला नेऊ नये. गॅसवर चालणाऱ्या आयर्नला वीज लागत नाही, रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला ते उपयोगी. पण त्यात ज्योत असते. पेट्रोलची वाफ किंवा सीएनजीची गळती असेल तिथे कोणतेच गरम हत्यार नेऊ नये. हल्ली ‘१२ ते २४ व्होल्ट’ लिहिलेली पेनासारखी आयर्न मिळतात. तिथे नीट विचारून घ्यावे. व्होल्टेज निम्मे झाले की ताकद चौथाई होते. २४ व्होल्टवर ६५ वॅट देणारे आयर्न १२ च्या बॅटरीवर जेमतेम सोळा-सतरा वॅट देते. ट्रकच्या २४ व्होल्टवर ते उत्तम, कारच्या बॅटरीवर पुन्हा तेच दुबळे आयर्न.

आणखी एक गोष्ट थोरल्या भाच्याने सांगितली आणि ती मला पटली. प्रत्येक सांधा सोल्डर करायचा नसतो. सोल्डर तारेच्या पेडांत जिथवर शिरते तिथवर तार कडक होते, आणि हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. आपल्या रस्त्यांचे हादरे सांगायला नकोत. म्हणून गाडीच्या कारखान्यात बहुतेक जोड दाबून म्हणजे क्रिम्प करून बसवतात. बॅटरीचे आणि इंजिनाजवळचे जोड चांगल्या क्रिम्पिंग पकडीनेच करावेत. सोल्डर केलेल्या सांध्यावर श्रिंक स्लीव्ह चढवून तार दोन्ही बाजूंनी बांधावी. काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवावी. एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातील तारांना हात लावू नये.

धाकट्याची यादी आम्ही नव्याने लिहिली. पहिली क्रिम्पिंग पक्कड, दुसरे ६० वॅटचे तापमान ठरवता येणारे आयर्न आणि त्याची दोन टोके, मग मल्टिमीटर, राळेची सोल्डर तार, स्लीव्ह. त्यातले आयर्न आणि पक्कड मिळून खर्च एका चांगल्या पँट-शर्टच्या कापडाच्या आसपास. पाटी सध्या रंगाने लिहिलेली चालेल. तो थोडा नाराज झाला, पण ऐकले.

कापडाच्या धंद्यात खराब तागा गिऱ्हाईक परत आणून तोंडावर टाकते. तारेचा खराब सांधा टेपखाली झाकलेला असतो, तो परत येत नाही, तो रात्री रस्त्यावर उघडा पडतो. म्हणून मुलांच्या दुकानाला पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की पाटीचा रंग विचारण्याआधी आयर्न किती वॅटचे घेतले, ते विचारा.