पाय एकदाच देऊन भागत नाही

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये विमाधारक कामगाराचा हात गेला, तर राज्य कामगार विमा योजनेतून त्याला कृत्रिम हात मिळू शकतो. तोच हात शेजारच्या शिवारात मळणीयंत्रात गेला तर? घरात सातबारा असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एका अवयवासाठी १ लाख रुपये, तेही एकदाच. भूमिहीन मजुराच्या वाट्याला ही योजना येतच नाही. हा भेद आम्हाला मान्य नाही.

शिवाय कृत्रिम अवयव एकदा मिळून भागत नाही. कापलेला भाग कालांतराने आक्रसतो, त्यावर बसणारे सॉकेट सैल होते, चालताना जखमा होतात. वाढत्या मुलाला तर पुन्हा पुन्हा नवा पाय लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये मोहम्मद साबीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईत कृत्रिम पायाच्या देखभालीचाही खर्च धरला. आरोग्य विम्याला हाच न्याय का नको? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये सर्वंकष विमा योजनेची तरतूद आहेच. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २००० सालीच विमा कंपन्यांवर कृत्रिम अवयवांचा खर्च देण्याचे बंधन घातले.

आणि विमा वर्ध्याला नवा नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासाठी आसपासच्या गावांनी सुगीनंतर ज्वारी जमा करून आरोग्य विमा चालवला. त्याच जिल्ह्यातून आमची मागणी आहे: प्रत्येक आरोग्य विम्यात कृत्रिम अवयव, त्याची दुरुस्ती आणि बदली कायद्याने अनिवार्य करा. सरकारी योजनेतही, खासगी पॉलिसीतही. जिल्ह्यातल्या चारही आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडावा.