मॅटखालचा ओलावा

घरात लग्नकार्य निघालं, की जुन्या पिकअपलाही नवी मॅट आणि नवं सीट कव्हर घालावंसं वाटतं. जरूर घाला, पण त्याआधी जुनी मॅट उचलून खालचा पत्रा पाहा. केबिनला कुबट वास येत असेल, तर मॅटखालच्या फोमने पाणी धरून ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. वर नवी मॅट टाकली, तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं. पुढच्या काचेच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर जावं. कडक झालेलं रबर बदला. दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील, तर तारेने मोकळी करा.

फोम उन्हात वाळवा. गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर लावा. तो सुकला की रंग. स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पत्र्यातून आरपार गेला, किंवा सीटबेल्टच्या बोल्टपाशी गंज दिसला, तर ते काम वेल्डरचंच. तो बेल्ट आपल्याच माणसाला धरून ठेवणार आहे आणि बेल्टला धरून ठेवतो तो हा पत्रा.