अधीक्षकाची सही ही आईबापाची सही नव्हे

किशोरवयीन मुलांचा विकास आणि त्यांना मिळणारा सामाजिक आधार या विषयावरचे लेख आमच्या नियतकालिकाकडे एवढ्यात बरेच येऊ लागले आहेत. त्यावर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव परिसरातल्या शिक्षक-वाचकांनी पाठवलेली पत्रं अस्वस्थ करणारी आहेत. तक्रार एकच: संशोधक थंडीत आश्रमशाळेत येतो, एथिक्स कमिटीला पालकांची सही हवी असते, आणि पालक पाड्यावर नसतात. धडगावच्या अक्राणी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. संशोधकाला मार्चच्या आत आकडे हवे असतात. मग आश्रमशाळेचा अधीक्षक 'पालक' म्हणून अख्ख्या वर्गाच्या संमतिपत्रांवर सह्या करतो आणि फाइल पूर्ण होते.

यात नियमभंग आहेच, पण संशोधनाचाही घात आहे. तुला मोठ्या माणसांचा आधार वाटतो का, असं ज्या मुलाला विचारायचं, त्याच्या जेवणाखाणाचा आणि रजेचा निर्णय ज्याच्या हातात तोच त्याच्या वतीनं सही करतो. बहुधा वर्गात उभाही असतो. मूल काय लिहील? आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं इतकी आडमुठी नाहीत. लिहिता न येणाऱ्या पालकाचा अंगठा निःपक्ष साक्षीदारासमोर चालतो. बारा वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. कमिट्या छापील नमुन्यातल्या सहीच्या रेघेवर अडून बसतात आणि गाइड त्यांच्याशी भांडत नाहीत. हे भांडण गाइडनंच करायचं असतं, संशोधक विद्यार्थ्यानं नव्हे.

दुसरी गोष्ट मापनीची. झिमेट आणि सहकाऱ्यांची सामाजिक आधाराची १९८८ची बारा विधानांची मापनी आपण सगळेच वापरतो: कुटुंब, मित्र आणि एक खास व्यक्ती, प्रत्येकी चार विधानं, सात पर्याय. ती तयार झाली अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर. आपण तिचं पुस्तकी मराठी करतो आणि घरी पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलापुढे ठेवतो. मूल सगळ्या विधानांना एकाच रकान्यात खूण करतं, क्रॉनबाख अल्फा उत्तम येतो, आणि आपण विश्वसनीयता सिद्ध झाली असं लिहितो. सप्रमाणतेचं काय?

सातपुड्यात लाह आहे. एकाचं घर बांधायचं, शेत निंदायचं, तर पाड्यावरची माणसं मजुरी न घेता येतात. उद्या त्यांच्याकडे हा जातो. हा आधार कुटुंबाच्या विधानात बसत नाही, मित्रांच्या नाही आणि खास व्यक्तीच्या तर नाहीच. म्हणजे या मुलांचा सर्वांत पक्का आधार आपल्या तक्त्यात शून्य धरला जातो, आणि निष्कर्षात आपण लिहितो की आदिवासी किशोरांना आधार कमी आहे. हे वाक्य मी आमच्याकडे आलेल्या लेखांत वारंवार वाचलं आहे. ते चुकीचं आहे. आधार तुटतो तो बहुधा पाडा सुटल्यावर, बारावीनंतर, वसतिगृहात जागा न मिळालेला मुलगा आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेच्या पैशांच्या भरवशावर नाशकात खोली शोधतो तेव्हा. त्या मुलावरचा लेख आमच्याकडे अजून आलेला नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास केला. वयाच्या १, २, १०, १८, ३२ आणि ४० व्या वर्षी त्यांच्या माहितीची नोंद होत गेली. सर्वाधिक जोखमीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि त्यात आईबापांपलीकडच्या जिव्हाळ्याच्या मोठ्या माणसाचा वाटा मोठा होता. हे एका दिवसात कळलं नाही. आपण एकदाच जातो आणि निकाल सांगायलाही परत फिरकत नाही.

तरुण संशोधकांनो, होळीनंतर जा. होळीआधीच्या भोंगर्‍या बाजाराला आणि होळीला बरीच माणसं परततात. मे महिन्यात मुलंही घरी असतात. अंगठा घ्या, शाळेबाहेरचा साक्षीदार घ्या, प्रश्न पावरीत विचारा. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी नव्वदच्या दशकात मुलांच्या बोलीत शिकवून दाखवलं आहे. बारा विधानं त्यापेक्षा अवघड नाहीत.

पुढच्या अंकापासून, जिथं संस्थेच्या माणसानं पालक म्हणून सही केली आहे असा एकही अभ्यास आम्ही छापणार नाही. धडगाव, तोरणमाळ, मोलगीकडच्या वाचकांनी आधार, भरवसा, सोबत यांसाठी घरात वापरले जाणारे शब्द आम्हाला लिहून पाठवावेत. ते आम्ही छापू.