जंतूकडेही पंप असतो



कपाशीच्या पानावर शिरांच्या मध्ये कोनाकार, तेलकट ठिपके दिसले की आपण करपा आला म्हणतो आणि दुकान गाठतो. दुकानदार कॉपर ऑक्सीक्लोराईडसोबत सहा ग्रॅमची एक पुडी देतो, स्ट्रेप्टोसायक्लीनची. पंपाला एवढी टाका, म्हणतो. पुडीत काय आहे, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लीन असतं. ही माणसांची औषधं आहेत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या जंतूपासून सापडलं आणि क्षयावर गुण देणारं ते पहिलं अँटिबायोटिक ठरलं. टेट्रासायक्लीनच्या घराण्यातलं डॉक्सीसायक्लीन आजही लेप्टोच्या रोग्याला देतात. आपल्या उस्मानाबादी शेळीला टोचतात ते ऑक्सिटेट्रासायक्लीनही त्याच घराण्यातलं.

या औषधांना जंतू दाद देईनासे का होतात? १९८० साली अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि लॉरा मॅकमरी यांच्या गटानं टेट्रासायक्लीनबाबत याचं उत्तर दिलं. औषध जंतूच्या आत शिरतं, पण जंतू ते बाहेर उपसतो. विहिरीला झरा असला तरी मोटर जास्त उपसत असेल तर विहीर भरत नाही, तसंच हे. जंतूच्या आवरणातच हा पंप बसवलेला असतो. त्याला डिझेल नको, वीज नको. बाहेरचा हायड्रोजनचा एक भारित कण आत येतो आणि त्या जोरावर औषधाचा कण बाहेर जातो. एरवी पंप बंद असतो, औषध आत आलं की सुरू होतो. भारनियमनाचा प्रश्नच नाही!

स्ट्रेप्टोमायसिनवर जंतू बहुधा दुसरी युक्ती करतो. औषधाला जोडकाम करून ते निकामी करतो. या युक्त्यांचा आराखडा पुष्कळदा जंतूच्या आत एका सुट्या कडीवर असतो. कडीची नक्कल तो शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतो. एकाच कडीवर चार-चार औषधांचा बंदोबस्त असू शकतो. रानातला जंतू, शेळीच्या पोटातला जंतू आणि आपल्या लेकराच्या पोटातला जंतू, यांच्यामध्ये बांध नाही.

कोणी म्हणेल, दवाखान्यांत आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त औषध जातं, मग शेतकऱ्यालाच का बोलता? म्हणणं खरं आहे. २०१९ साली अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं मेली, असा अंदाज आहे. हे पाप एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. पण दवाखाना लांब आणि खिसा रिकामा असलेल्या कोरडवाहू घराला साधं, स्वस्त औषध चालेनासं झालं तर पहिला फटका बसतो. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

आता सरकारचं पाहा. ही पुडी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यानं बनवली. कृषी विद्यापीठांनी शिफारशीत छापली. आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानंच या औषधांच्या शेतीतल्या वापरावर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. विचार योग्य आहे. पण शिफारस करताना गावोगाव पत्रकं आणि चूक सुधारताना दिल्लीच्या राजपत्रातली दोन पानं, हा कुठला न्याय? पुडीवर 'हे माणसाचंही औषध आहे' असं मराठीत, ठळक छापा. करप्याला दाद न देणारं बियाणं कोणतं, ते विद्यापीठानं पेरणीआधी सांगावं.

आपल्या हातातलं मात्र कुणाच्या आदेशासाठी अडू नये. करप्याचा जंतू बियाण्यात आणि वाळल्या पाल्यापाचोळ्यात टिकतो. रोगट पऱ्हाट्या आणि पाला रानात ठेवू नका. कपाशीवर कपाशी न घेता मध्ये ज्वारीचा फेर घ्या. ज्वारीवर हा जंतू जगत नाही आणि कडबाही मिळतो. शेळीला, गाईला सुई जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच. घरातल्या रोग्याला डॉक्टरनं जितके दिवस गोळ्या सांगितल्या तितके दिवस द्या. अर्ध्या डोसात दुबळे जंतू मरतात आणि पंपवाले उरतात.

बेंबळी भागातल्या प्रत्येक गावानं हंगामाआधी बसून हे ठरवावं. दुकानदारानं पुडी पुढे केली तर आधी विचारा, यात आहे काय?